राइलीची नावं लावलेली ताटं

राइली हिएताला हिला आमच्या शाळेत कुणी काही विचारत नसे, आणि शाळेतलं सगळं सर्वांत आधी तिलाच कळत असे. ती जेवणघरात कामाला होती. आमच्या गोथेनबर्गात शाळेच्या जेवणघराला बांबा म्हणतात. स्वीडनमध्ये दुसरीकडे कुठे हा शब्द वापरलात तर लोक हसतात. सकाळी साडेसहाला येऊन बटाटे चढवायचे, पावणेअकराला पहिली रांग, एक वाजता शेवटची भांडी. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. मी त्याच शाळेत दुरुस्तीची कामं करतो: कुलपं, दिवे, तुंबलेले पाइप, हिवाळ्यात पायऱ्यांवरचा बर्फ. माझं नाव कॉन्नी. साडेनऊला मी तिच्याकडे कॉफीला जायचो आणि कॉफी संपली तरी उठायचो नाही.

तिला सगळं कसं कळायचं, यात जादू काही नव्हती. साडेचारशे पोरं मोठ्या पातेल्यांतून आपली आपण वाढून घेतात. त्यातलं कोण आलं, कोण नाही, कुणाच्या लक्षात राहणार? पण एकतीस पोरांना वेगळं जेवण लागायचं. कुणाला दूध चालत नाही, कुणाला अंडं, कुणाला गहू. त्यांची ताटं राइली स्वतः करायची. वर चकचकीत कागद, कागदावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. सगळी ताटं खिडकीशी ओळीने मांडायची. पोर आलं की ताट गेलं. नाही आलं तर ताट तिथेच, नावासकट. शिक्षक सकाळी हजेरी घेतात, त्यानंतर पोरगं कुठे गेलं हे त्यांना कळायला दुपार उजाडते. राइलीला अकरा वाजून दहा मिनिटांनी कळायचं.

"हा हजर आहे म्हणे," ती यादीवर खूण करत म्हणायची. "माझं ताट तर नाही म्हणतंय."

गेल्या ऑक्टोबरात शहरातून एक प्रशिक्षक बाई आली. पोरं टोळ्यांकडे कशी वळतात आणि ते आधी कसं ओळखायचं, हा विषय. आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवलं, स्वयंपाकघरातल्यांना आणि मलासुद्धा, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पडद्यावर यादी आली. शाळा बुडवणं. जुने मित्र सोडणं. अंगावर भारी कपडे आणि ते कुठून आले याचं उत्तर नाही. दोन-दोन फोन. घरी न बोलणं, दिवसा झोपणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं. मग कारणांची यादी: दाटीची घरं, पाळ्यांत काम करणारे आईबाप, वाचनात मागे पडलेलं पोर, आधीच बिघडलेला मोठा भाऊ. बाई मनापासून बोलत होती, तिची टिंगल करायची नाही मला. पण त्या यादीत आमची निम्मी शाळा बसत होती.

राइली माझ्या कानाशी वाकली. "यातल्या नऊ गोष्टी माझ्या नवऱ्यात होत्या," ती म्हणाली. "टोळीनेही घेतला नसता त्याला."

मला ठसका लागला. पण शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा हात तिनेच वर केला. "ही यादी आम्हाला दाखवलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण ज्यांना पोरं हवी आहेत, त्यांच्याकडेही हीच यादी असणार ना? ते तरी दुसरं काय बघत असतील?"

बाई म्हणाली, प्रश्न फार चांगला आहे. मग वेळ संपली.

राइलीचं हे असं का होतं, ते मला माहीत होतं. बारा वर्षांच्या कॉफीत तिने एकदाच सांगितलं होतं. ती फिनलंडहून एकोणिसाव्या वर्षी इथे आली, मोटारींच्या सीटा शिवायच्या कारखान्यात. सोबत सोळा वर्षांचा भाऊ, आर्तो. त्या काळी आमच्या वस्तीच्या या टेकडीवर चाकू म्हणजे फिनलंडची पोरं, असंच लोक म्हणायचे. आज दुसऱ्यांना म्हणतात तेच आणि तसंच. एक दिवस आर्तो कातड्याचं नवं कोरं जॅकेट घालून आला. पगार तर दोघांचा मिळून भाड्यापुरता. राइलीने विचारलं नाही. जॅकेटचं एक बटण सैल होतं, ते तिने पक्कं शिवून दिलं. तीन आठवड्यांनी त्याने ट्रामच्या थांब्यावर एका पोराला भोसकलं. तुरुंगातून सुटला तो दारू पीतच, आणि एकतिसाव्या वर्षी संपला.

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली होती. "दुकानवालीला, वरच्या मजल्यावरच्यांना. मला तर होतंच. मी बटण लावून दिलं."

पुढे लग्न झालं, मोडलं, मूल झालं नाही. राहिली ती या टेकडीवरच, आणि कारखान्यातून आमच्या बांबात आली.

आता डिलोवानचं सांगतो. आठवीतला, चौदा वर्षांचा, कुर्दी घरातला पोरगा. गव्हाचा कण पोटात गेला तरी त्याला दोन दिवस झोपून राहावं लागायचं, म्हणून पहिलीपासून त्याचं ताट राइलीच्या खिडकीत. आई शिलान वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची, सकाळची पाळी नाहीतर संध्याकाळची, कधी दोन्ही. बाप दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात. शिलान राहायची राइलीच्याच इमारतीत, त्याच जिन्याला, एक मजला वर. राइलीला ती खाल्ती म्हणायची, म्हणजे मावशी. राइलीला सख्खं असं कुणी नव्हतं, आणि या हाकेने ती किती सुखावायची ते तिच्या न बोलण्यातूनही कळायचं. रविवारी वरून भाताची थाळी खाली यायची, नाहीतर राइली वर जायची.

जानेवारीत डिलोवानचं ताट पडून राहायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा. राइलीने त्याला रांगेच्या बाजूला गाठलं. मी तिथेच शिडीवर दिवा बदलत होतो.

"ए, ताट घेऊन जा."

"भूक नाही, राइली." इथे पोरं सगळ्यांना नावानेच हाक मारतात, मुख्याध्यापिकेलासुद्धा.

"तुला भूक नाही? गेल्या वर्षी तू ताटावरचा कागदही चाटायचास."

"मोठा झालो आता."

"मोठी माणसं जेवतात. बघ जरा कॉन्नीकडे."

पोरगा खळखळून हसला. मी शिडीवर पोट आत घेतलं. पण हसून झाल्यावर तो ताट न घेताच गेला, आणि दाराशी सहावीतली दोन पोरं त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटली, हे मीही पाहिलं. वर्षभरापूर्वी हाच पोरगा त्यांच्यासोबत बर्फाचे गोळे मारत होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आला, ताट घेतलं, आणि खिडकीशीच उभ्याने खाल्लं. अंगावर नवा कोट, आत येऊनही काढला नाही. दोन खिशांत दोन फोन, कारण आवाज दोन बाजूंनी येत होते. खाता खाता त्याने विचारलं, "राइली, ती पोरांना ठेवतात ना, ती कुलूपबंद घरं, तिथे गव्हाशिवायचं जेवण देतात का?"

"का? जायचंय?"

"नाही गं. मित्राचा मित्र आहे एक. त्यालाही माझ्यासारखंच आहे."

"देतात. द्यावंच लागतं त्यांना."

"पण चांगलं असतं का?"

"माझ्याइतकं नाही," राइली म्हणाली.

त्याने मान डोलावली. प्रवासाला निघण्याआधी माणूस मुक्कामाची चौकशी करतो आणि ठीक आहे म्हणतो, तशी. ताट जाग्यावर ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी राइलीने मला हे सांगितलं तेव्हा तिने माझी कॉफी ओतलीच नव्हती.

"कॉन्नी, चौदा वर्षांचं पोर कोठडीतल्या जेवणाची चौकशी करतंय," ती म्हणाली. "त्याला कुणीतरी सांगितलंय की पंधराच्या आतल्या पोराला तुरुंग नाही, आत गेलास तर फार काही होत नाही. पोरानं सगळा विचार केलाय. एवढंच राहिलं होतं."

तो गुरुवार होता. दर गुरुवारी मुलांच्या प्रकृतीची आणि अडचणींची बैठक होते: मुख्याध्यापिका एवा-लेना, समुपदेशक फ्रेड्रिका, परिचारिका आणि एक शिक्षक. स्वयंपाकघरातलं कुणी तिथे जात नाही. मी होतो, कारण त्या खोलीतला हीटर गळत होता. राइली एप्रनसकट आत आली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: किती ताटं पडून राहिली, कोट, फोन, आणि तो प्रश्न.

"तू हे सांगितलंस ते फार महत्त्वाचं आहे, राइली," फ्रेड्रिका म्हणाली. आमच्या देशात कुणी असं म्हटलं की आज काही होणार नाही असं समजायचं.

"त्याच्या आईला बोलावू," एवा-लेना म्हणाली. "पण उद्या शुक्रवार. मग क्रीडा-सुट्टी."

आमच्याकडे वर्ष महिन्यांनी चालत नाही, आठवड्यांच्या आकड्यांनी चालतं. सातवा आठवडा म्हणजे सुट्टी. शाळा बंद, बांबा बंद; ज्यांना परवडतं ते डोंगरात बर्फावर घसरायला जातात, बाकीचे टेकडीवर बसून राहतात. सगळ्यांनी आपापल्या वह्या उघडल्या. आठव्या आठवड्यात मंगळवार, दहा वाजता? मंगळवार कुणाला जमेना. गुरुवार जमला. सगळ्यांना बरं वाटलं, कारण एकमत झालं होतं, आणि एकमत झालं की काम झालं असं आम्हाला वाटतं. टेबलावर क्रीम भरलेले बन होते, एकीने एक राइलीपुढे सरकवला. ही माणसं वाईट नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. मागच्या वर्षी एक पोर गेलं तेव्हा यातल्या दोघी माझ्या खोलीत येऊन रडल्या होत्या.

राइलीने बन घेतला नाही. "सातव्या आठवड्यात तो कुठे जेवणार?" तिने विचारलं.

"घरी असेल ना," परिचारिका म्हणाली.

"घरी कोण असतं? त्याची आई दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवते."

सगळ्यांनी वह्या मिटल्या. मी हीटरखालचं पाणी पुसत राहिलो.

तिथून ती थेट माझ्या खोलीत आली. "तुझा संगणक चालू कर," म्हणाली. मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही पोराची काळजी वाटली, तर सरकारच्या समाजखात्याला कळवायचं, असा कायदाच आहे. शाळेची बैठक होवो न होवो. पण शाळेतल्या माणसाने कळवलं तर त्याचं नाव लपत नाही. घरच्यांना ते वाचायला मिळतं. शेजाऱ्याला मात्र नाव न सांगता कळवता येतं.

"अगं, तू शेजारीणही आहेस," मी म्हणालो. "नाव न देता फोन कर. शिलानला कळायचं नाही."

"शेजारीण म्हणून काय सांगू? पोरगा जिना झाडतो, एवढंच दिसतं मला तिथे. ताट शाळेतलं आहे."

"ती तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही."

"माहीत आहे मला."

आमच्या टेकडीवर समाजखातं म्हणजे पोरं उचलून नेणारे लोक. आया एकमेकींना तसंच सांगतात, काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. राइलीने एका बोटाने टंकलं. ताट पडून राहिलेल्या चौदा तारखा, तिच्या यादीवरून पाहून. शेवटी तो प्रश्न, त्याच्याच शब्दांत. खाली स्वतःचं नाव. पाठवायचं बटण तिने स्वतः दाबलं आणि भांडी घासायला गेली.

मी मनात म्हणालो, आता हा कागद महिनाभर कुठेतरी पडून राहील. पण तिकडे कुणीतरी डोकं असलेलं माणूस बसलं होतं. शुक्रवारी दुपारी समाजखात्याच्या दोन बायका शिलानच्या दारात उभ्या. त्या चार तास बसल्या. पोरगा आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याने शौचालयात जाऊन उलटी केली. पण सांगितलं काहीच नाही. त्या बायकांना तेवढं पुरलं. शिलानने संमतीच्या कागदावर सही केली, कारण सही न करता नेतील याची तिला भीती होती. शनिवारी सकाळच्या गाडीने डिलोवान उत्तरेला गेला, बारा तासांच्या अंतरावर, एका शेतावरच्या अनोळखी कुटुंबात. फोन दोन्ही काढून घेतले.

त्याच शनिवारी दुपारी राइली तळघरातल्या धुलाईखोलीत गेली, तर शिलान तिथे. आमच्या इमारतींत धुण्याची पाळी राखायला फळ्यावर त्या वेळेच्या खाचेत ज्याने त्याने आपलं छोटं कुलूप अडकवायचं असतं. शिलानचं आणि राइलीचं कुलूप कित्येक वर्षं शेजारी शेजारी असायचं, म्हणजे चादरी दोघींना मिळून घड्या घालता येतात.

"खाल्ती म्हणत होते मी तुला," शिलान म्हणाली.

राइलीने धुण्याची टोपली खाली ठेवली.

"माझ्या टेबलाशी बसून माझ्या हातचा भात खाल्लास, आणि माझ्या पोराचं नाव लिहून दिलंस. रोज जिन्यात भेटतो आपण. मला विचारायचं होतंस."

"तुला विचारलं असतं तर तू त्याला विचारलं असतंस," राइली म्हणाली. "आणि तो नाही म्हणाला असता."

"मग मी बघितलं असतं काय करायचं ते. माझं पोर आहे ते. तुला काय कळणार? तुला कुठे पोर आहे?"

एवढं बोलून तिने फळ्यावरचं आपलं कुलूप काढलं आणि ओल्या कपड्यांची टोपली घेऊन शेजारच्या इमारतीत गेली. राइलीने मला हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती. "खरं तेच बोलली," म्हणाली. राइलीने आधी शिलानकडे जायला हवं होतं का, यावर मी खूप विचार केलाय. मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ज्यांना लगेच ठरवता येतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी मी रिकाम्या शाळेत पायऱ्यांवर वाळू टाकत होतो. रेडिओवर बातमी आली. नदीपलीकडच्या एका वस्तीत दुपारी तीन वाजता एका पोराने एका घराची घंटी वाजवली आणि दार उघडणाऱ्याला गोळ्या घातल्या. टोळी ज्याला शोधत होती तो माणूस तिथून केव्हाच गेला होता. दार उघडणारा बसचा ड्रायव्हर होता, सव्वीस वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी भाड्याने राहायला आलेला. तो जागीच मेला. पोरगा पळालाही नाही, ट्रामच्या थांब्यावर सापडला. वय चौदा, एवढंच सांगितलं. नाव सांगत नाहीत.

वाळूची बादली मी तिथेच पायरीवर ठेवली. तेवढ्यात राइलीचा फोन.

"तो नाही," ती म्हणाली. "तो तिकडेच आहे, उत्तरेत. शिलान त्याच्याशी त्या शेतावरच्या फोनवर बोलतेय, मी जिन्यात उभी राहून ऐकलं. दोनदा खात्री केली."

खरं सांगतो, आम्हाला आनंद झाला. एक माणूस मेला होता, आणि आम्हाला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्यातल्या कुणीतरी वेळेवर काहीतरी केलं होतं. मी त्या संध्याकाळी शहाण्यासारखा एक बिअर उघडून बसलो.

सोमवारी शाळा भरली, आणि आठ वाजता एवा-लेनाने सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. पोरगा आमचाच होता. विल्मेर एक्लुंड, आठवी ब.

दोन-तीन शिक्षकांना आधी चेहराच आठवेना. विल्मेर तसाच होता. कधी उशीर नाही, कधी भांडण नाही, मार्क बरे, आई दातांच्या दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर, बाप सुतार, घर ऐसपैस. जुनाच कोट, एकच फोन. फ्रेड्रिका ती ऑक्टोबरातली यादी घेऊन आली होती. वरून खालपर्यंत वाचली, परत वर गेली. कुठेच काही बसत नव्हतं. "त्याच्याबद्दल काही नव्हतंच," त्याची वर्गशिक्षिका सारखी म्हणत राहिली. "काहीच नव्हतं."

मला मात्र नोव्हेंबरातला एक दिवस आठवला. व्यायामशाळेत मी छताची जाळी बसवत होतो. जाणाऱ्या एका पोराला म्हटलं, जरा शिडी धर. मग मी कामात विसरलो. अर्ध्या तासाने खाली पाहिलं तर तो तसाच शिडी धरून उभा, मधल्या सुट्टीची घंटाही होऊन गेलेली. "सोडलीस का नाही रे?" मी विचारलं. "तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला. मी त्याला शाबासकी दिली, चार जणांना कौतुकाने सांगितलं. सांगितलेलं काम शेवटपर्यंत करणारा पोरगा. हे कुणाच्या यादीत नाही, आणि ज्यांना पोरं हवी असतात त्यांच्या यादीत ते पहिलं असणार.

त्या दिवशी दुपारी बांबाच्या मागच्या दाराशी, जिथे दुधाचे क्रेट उतरतात, तिथे शिलान आली. वृद्धाश्रमाचा गणवेश अंगावर. मी क्रेट आत घेत होतो. तिने मला जा म्हटलं नाही, म्हणून मी थांबलो.

"डिलोने सांगितलं फोनवर," ती राइलीला म्हणाली. "आता सांगितलं, सगळं झाल्यावर. बुधवारचं ते काम त्याचं होतं. तो पत्ता त्याला दिला होता. तो नाहीसा झाला तेव्हा त्यांनी फोनवरच्या गटात विचारलं, कोण करेल. त्या पोराने अंगठा पाठवला. गणिताला दोघं एकाच बाकावर बसायचे. मी पोलिसांना सांगून आले."

राइलीने हातातलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"मला तुझे आभार मानायचेत, खाल्ती," शिलान म्हणाली. "घरून तेच ठरवून निघाले. पण जीभ वळत नाही. माझं पोर जिवंत आहे, मोकळं आहे, आणि मला त्या दुसऱ्या आईचं तोंड दिसतं."

"नको मानूस," राइली म्हणाली.

शिलान एका उलट्या क्रेटवर दहा मिनिटं बसली. राइलीने तिला कॉफी दिली, तिने ती पूर्ण प्यायली. मग पाळीची वेळ झाली म्हणून उठली. जाताना तिने राइलीच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्या दोघींत पूर्वीसारखं काही झालं नाही, पुढेही नाही. रविवारची थाळी पुन्हा यायला लागली. थाळी जिन्यात दारापाशी ठेवलेली असायची.

"मी ते कळवलं नसतं, तर विल्मेर आज गणिताला बसला असता," राइली मला नंतर म्हणाली.

"आणि डिलोवान आत असता."

"हो."

"मग तू काय करायला हवं होतंस?"

"तेच विचारतेय मी," ती म्हणाली. "मी एक पोर उचललं, कॉन्नी. काम तिथेच पडून होतं."

मी तिला म्हणालो, यात तुझा दोष नाही. हे सगळेच म्हणत होते आणि ते खरंही आहे. तिला त्याने काडीचा फरक पडला नाही, मलाही पडला नसता. ती फार थकलेली दिसायची त्या दिवसांत. ताटं मात्र रोज वेळेवर खिडकीत असायची, आता तीस.

मार्चच्या मध्यावर विल्मेरची आई शाळेत आली. तेरेस तिचं नाव. पोराच्या कपाटातलं सामान न्यायचं होतं. इथे पोरं कपाटाला आपापलं कुलूप लावतात आणि चावी त्याच्यासोबत पोलिसांकडे होती, म्हणून मी मोठी कात्री घेऊन गेलो. पोलीस आधीच सगळं पाहून पुन्हा बंद करून गेले होते. आत व्यायामाचे बूट, एक हातमोजा, गणिताचं पुस्तक, वाळलेलं संत्र्याचं साल. तिने सालसुद्धा पिशवीत टाकलं. शिडीची गोष्ट तिला सांगावी असं दोनदा ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा मी गिळलं.

"तो जेवायचा कुठे?" तिने विचारलं.

मी तिला बांबात नेलं. दीड वाजला होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, राइली एकटीच पुसत होती. तिने वर पाहिलं आणि कोण आलंय ते न सांगता ओळखलं.

"तू जेवण देतेस का इथे?" तेरेसने विचारलं.

"हो."

"सगळे म्हणतात, काही दिसलं नाही. पोलीस म्हणतात, शाळा म्हणते. मी पण तेच म्हणते. पण मला कुणीतरी म्हणालं की तुला पोरांचं कळतं. तुझ्या लक्षात आलं होतं का काही? तो जेवायचा का नीट?"

राइलीने फडकं टेबलावर ठेवलं. ती खोटं बोलू शकली असती. म्हणजे, थोडा गप्प असायचा, थोडं टाकायचा, असं काहीतरी. आईला निदान धरायला काही मिळालं असतं. मला वाटतं, ती तेच बोलणार होती.

"जेवायचा," राइली म्हणाली. "रोज. दोनदा वाढून घ्यायचा. ताटात काही टाकायचा नाही, आणि जाताना मला थँक्यू म्हणायचा."

तेरेसने मान डोलावली.

"घरी पण," ती म्हणाली.